सोलर छान बसवलं, कागदांना मात्र वाली नाही

इंदिरानगरमधल्या आमच्या रो-हाऊसवर फेब्रुवारीत ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, पीएम सूर्यघर योजनेतून. वेंडरचं नाव घेत नाही. माणूस वाईट नाही, पण वाचून घ्या.

अमेरिकेतला भाचा म्हणाला, "मावशी, मी सोलरच्या खर्चाचे तीस टक्के टॅक्स रिटर्नमध्ये वजा करून घेतले, तूही घे." आमचे सीए हसले. आपल्याकडे टॅक्समधून काही वजा होत नाही, सबसिडी थेट बँकेत येते. २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,०००, आणि ३ किंवा त्याहून मोठ्याला सरसकट ७८,०००. पैसे आधी आपण भरायचे.

पहिलं कोटेशन १,७०,०००चं आलं, इतरांपेक्षा स्वस्त. विचारलं, पॅनल डीसीआर का? म्हणजे सेलसुद्धा भारतात बनलेले. सबसिडी त्यांनाच मिळते. तर म्हणतो, "मॅडम, सबसिडी हवीये का तुम्हाला?" नाहीतर काय हौस म्हणून बोलावलं होतं! नवा आकडा आला १,९५,०००.

फिटिंगच्या पोरांना मात्र पैकीच्या पैकी मार्क. माझी एकच अट होती, उन्हाळी कामाला गच्ची मोकळी हवी. त्यांनी सांगाडा सात फूट उंच घेतला (बारा हजार जास्तीचे). त्यातला एक पोरगा दुपारी चारला टेप धरून टाकीची सावली कुठवर येते ते बघत बसला आणि अख्खी रांग दोन फूट सरकवली. कुरडयांना पूर्वेची बाजू पुरली.

घोळ झाला तो कागदांत. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन सहा वर्षं झाली. वेंडर म्हणाला, "चालतं, करून घेऊ." चालत नाही! बिल ज्याच्या नावावर, अर्जही त्याच्याच नावाने लागतो. आधी बिलावरचं नाव बदललं, त्यात महिना गेला. नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागला, शेवटचा हप्ता दिला आणि वेंडरसाहेबांनी फोन उचलणंच सोडलं. शेवटी मीच योजनेच्या पोर्टलवर लॉगिन केलं. बँकेत माझं नाव एक आणि आधारवर दुसरं, म्हणून सबसिडी अडकलेली. बँकेत नाव दुरुस्त करून रद्द केलेला चेक पुन्हा चढवला. तेविसाव्या दिवशी ७८,००० जमा.

आणखी एक त्याने सांगितलं नव्हतं. लाइट गेली की सोलरही बंद! दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला आपल्याकडच्या विजेचा झटका बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा) आपोआप थांबतो. बॅटरी नसेल तर भर उन्हातही पंखा फिरत नाही.

बाकी मे महिन्यात रोज बारा-तेरा युनिट होत होती. बिलात स्थिर आकार आणि किरकोळ काही, एवढंच. गेल्या वर्षी त्याच महिन्याला २,६०० भरले होते.

पाचपैकी साडेतीन. शेवटचे दहा हजार सबसिडी जमा होईपर्यंत हातात ठेवा, मी ठेवले नाहीत. पाच वर्षं देखभाल करारात आहे, पण अजून कोणी फिरकलेलं नाही. पहाटे पाइप लावून पॅनल मीच धुते.