सातपूरचं स्टिकरचं दुकान: छपाई पक्की, पोर्तुगीज मात्र तपासून घ्या

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या या छोट्या दुकानात यंत्रांवर लावायचे सूचनांचे स्टिकर परदेशी भाषेतही करून मिळतात. द्राक्षबागेत औषध फवारायचा ब्लोअर ब्राझीलला किंवा मोझांबिकला पाठवायचा असेल तर हे काम टळत नाही. ब्राझीलच्या एनआर-१२ या सुरक्षा नियमानुसार यंत्राचं मॅन्युअल आणि त्यावरच्या सूचना पोर्तुगीजमध्येच लागतात.

छपाईला नाव ठेवायला जागा नाही. व्हिनाइल जाड आहे, वर लॅमिनेशन आहे आणि कडा उचलत नाहीत. अडचण आहे ती मजकुरात, त्यातही पकडणे, धरणे, घेणे, काढणे या क्रियापदांत. इंग्रजी मजकूर तेवढा दिला आणि काम घाईचं असलं, तर इथे तो भाषांतराच्या फुकटच्या ॲपमधून काढतात. इंग्रजीला एका ‘टेक’वर सगळं भागवता येतं, पोर्तुगीजला नाही.

सगळ्यात धोक्याचा नमुना टाकीवरच्या स्टिकरचा. इंग्रजीत असतं, ‘टेक २०० मिली’. ॲप त्याचं ‘तोमे’ करून मोकळं होतं. ‘तोमार’ म्हणजे गोळी घेणं, कॉफी घेणं, थोडक्यात पोटात घेणं. म्हणजे कीटकनाशकाच्या टाकीवर ‘२०० मिली प्या’ असं छापून येतं! आपणही फवारणीच्या विषाला औषधच म्हणतो, त्यामुळे ‘औषध घ्या’ या मराठीवर विसंबूनही उपयोग नाही. तिथे ‘मेसा’ म्हणजे ‘मोजा’, नाहीतर सरळ ‘उझे’ म्हणजे ‘वापरा’ हवं.

एरवी मात्र या कामात इंग्रजीपेक्षा मराठी जास्त उपयोगी पडते. ‘तिरार’ म्हणजे आपलं ‘काढणे’. टोपी काढणे, फोटो काढणे, बँकेतून पैसे काढणे, इतकंच काय, रजा काढणे, सगळीकडे तिरार चालतं. ‘लेवार’ म्हणजे घेऊन जाणे. ‘पेगार’ म्हणजे पकडणे, आणि ‘पेगार फोगो’ म्हणजे पेट घेणे. ‘आगार्रार’मध्ये घट्ट आवळून पकडणं आलं, ‘सेगुरार’मध्ये नुसतं धरून ठेवणं. दुकानाच्या ऑर्डर फॉर्ममध्ये ‘मराठीत अर्थ’ असा एक रकाना आहे. बहुतेक गिऱ्हाइकं तो कोराच सोडतात, आणि खरी चूक तिथेच होते. ‘टेक आउट फिल्टर’समोर ‘फिल्टर बाहेर काढा’ एवढं लिहिलं की ‘रेतिरे’ येतं. रकाना कोरा राहिला तर ‘लेवे’ येऊ शकतं, म्हणजे फिल्टर घरी घेऊन जा.

हँडलजवळच्या ‘ग्रॅब हिअर’ला ‘सेगुरे आकी’ उत्तम. ब्राझीलमध्ये ‘पेगे आकी’ही समजतं, पण त्यात एक अक्षर चुकलं की ‘पागे आकी’ होतं, म्हणजे ‘इथे पैसे भरा’. आपला पगार याच ‘पागार’वरून आलेला आहे. ट्रॅक्टरच्या ताकदीवर यंत्र फिरवणाऱ्या दांड्यावर, म्हणजे फिरत्या पीटीओ शाफ्टवर मात्र ‘पकडू नका’ नको, ‘हात लावू नका’ हवं, म्हणजे ‘नाऊं तोके’. नुसतं ‘पकडू नका’ म्हटलं तर बोट टेकवलेलं चालतं असा अर्थ निघतो.

दुकानाबद्दलची मोठी तक्रार वेगळीच आहे. ते सगळ्या देशांना एकच प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, देतात. पोर्तुगालमध्ये बस पकडायला ‘अपान्यार’ वापरतात आणि मोझांबिकची लेखी भाषा त्याच वळणाची आहे. ब्राझीलमध्ये ‘अपान्यार’चा रोजचा अर्थ मार खाणे, बस तिथे ‘पेगार’ करतात. म्हणून ऑर्डरवर नुसतं ‘पोर्तुगीज’ लिहू नका, देशाचं नाव लिहा. बिघाडांच्या तक्त्यात पिस्टन ‘सीझ’ होणं, म्हणजे जाम होणं, असेल तर जास्तच जपायला हवं. ॲप ‘सीझ’चं जप्त करणं, ताब्यात घेणं असं काहीतरी करून ठेवतं. मेकॅनिकचा शब्द पोर्तुगालमध्ये ‘ग्रिपार’, ब्राझीलमध्ये ‘एंग्रिपार’. मराठीत ‘पिस्टन जाम’ लिहून दिलं की काम होतं.

मजकूर इंग्रजीपेक्षा साधारण पाव हिश्शाने लांबतो, तेव्हा स्टिकरचं माप आधीच वाढवून सांगा, नाहीतर अक्षरं बारीक करून बसवतात आणि दोन हातांवरून वाचता येत नाहीत.

प्रूफ व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून घेऊ नका, पीडीएफ मागा आणि २०० टक्के मोठी करून स्वरांवरच्या खुणा बघा. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फाँट बदलला की त्या गळतात. ‘ए’वरची तिरकी रेघ गेली की ‘आहे’चं ‘आणि’ होतं, आणि ‘नाऊं’वरची नागमोडी खूण गेली तर शब्द अशुद्ध छापला जातो. खुणा जागेवर दिसल्या की मजकूर कर्व्हजमध्ये, म्हणजे फाँटवर न अवलंबणाऱ्या आकृत्यांत, करायला सांगा, मगच छपाईला हो म्हणा. पहिल्या खेपेला दहा-बारा नगच काढून घ्या. पुढची ऑर्डर त्याच फाइलवर लगेच निघते, त्याबाबतीत दुकान चोख आहे.