आईचं रक्त जायचं थांबलं आणि आम्ही फसलो

माझी आई कराडला असते, तेव्हा 57 वर्षांची होती. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली आणि गेल्याच्या गेल्या दिवाळीत तिला परत थोडं थोडं लाल जायला लागलं. दोन महिने तिने कुणाला सांगितलंच नाही. जुन्या साडीचे तुकडे घ्यायची आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून धुवून टाकायची. संक्रांतीला मी घरी गेले तेव्हा मागच्या तारेवर ते तुकडे दिसले म्हणून विचारलं तर म्हणाली अगं उष्णता असेल, कशाला गाजावाजा.

दुसऱ्याच दिवशी तिला लेडी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी खालून सोनोग्राफी केली, गर्भपिशवीचं आतलं अस्तर 14 मिलिमीटर निघालं. त्या म्हणाल्या पाळी गेल्यावर रक्त जात असेल आणि अस्तर 4 च्या वर असेल तर तुकडा काढून तपासायलाच लागतो, म्हणजे बायोप्सी, सगळ्यांना कॅन्सर निघतो असं नाही, दहातल्या एखादीला निघतो, पण बघितल्याशिवाय कळत नाही. आम्ही तारीख घेऊन घरी आलो.

त्याच संध्याकाळी मामीचा फोन आला. तिच्या ओळखीत कुणाची तरी गाठ विरघळली होती म्हणे, एका वैद्याच्या औषधाने, ऑपरेशन नाही काही नाही. मामीचा यात काडीचा स्वार्थ नव्हता, तिने जीव तुटून सांगितलं. त्या माणसाचं सेंटर हायवेला लागून आहे, मोठा हॉल, बाहेर गाड्यांची रांग, भिंतीवर पेशंटचे आधीचे-नंतरचे रिपोर्ट लावलेले. नाव मी लिहीत नाही, तक्रार केलीये आणि ती चालू आहे.

त्याने काय केलं ते नीट वाचा, कारण असे लोक सगळीकडे हेच बोलतात. सोनोग्राफी हातात धरून पहिलं वाक्य, बायोप्सी केली नाही ना अजून? नशीब तुमचं, सुई लागली की आजार चवताळतो आणि अंगभर पसरतो. आई आधीच घाबरलेली, तिला हेच ऐकायचं होतं. मग त्याने विचारलं आधी कधी तपासणी केली होती का. गावातल्या शिबिरात वर्षभरापूर्वी पॅप टेस्ट झाली होती ती नॉर्मल होती, असं आईने सांगितलं. तर म्हणाला बघा, म्हणजे कॅन्सर नाहीच, आत दोष साठलाय तो बाहेर पडतोय. मला तेव्हा माहीत नव्हतं की पॅप टेस्ट पिशवीच्या तोंडाची असते, आतल्या अस्तराचा कॅन्सर तिच्यात बऱ्याचदा दिसतच नाही. दोन्ही वेगळे आजार आहेत. हे मला शिकलेल्या बाईला माहीत नसावं याचं आजही वाईट वाटतं.

महिन्याचे 18,500 रुपये. पिवळ्या डब्यांमध्ये पावडर, डबीवर ना नाव, ना बॅच नंबर, ना तारीख. बिल मागितलं तर साध्या कागदावर पावती दिली आणि त्यावर 'देणगी' लिहिलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या बंद करायला लावल्या, त्यांच्यामुळे औषध लागत नाही म्हणून.

तीन आठवड्यांनी रक्त जायचं थांबलं. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, बाबांनी पेढे आणले, मी त्या लेडी डॉक्टरांची तारीख फोन करून रद्द केली. तो फोन मी केला होता. मग महिन्याने परत सुरू झालं, त्याला विचारलं तर म्हणाला आता मुळापासून निघतंय, डोस वाढवू. असे चार महिने, 74,000 रुपये.

मे महिन्यात एका रात्री आईला इतकं गेलं की गादी भिजली. अ‍ॅडमिट केलं तेव्हा शुगर 380. मोठ्या हॉस्पिटलला नेलं, तिथे ती ज्या बायोप्सीला इतकी घाबरत होती ती झाली. बारीक नळी आत घालून दोन-तीन मिनिटांत, पाळीत येते तशी कळ आली एवढंच. बाहेर येऊन म्हणाली, झालं? एवढंच होतं?

रिपोर्टमध्ये अस्तराचा कॅन्सर, ग्रेड 2, म्हणजे पेशी मध्यम बिघडलेल्या. तिथल्या कॅन्सर सर्जन मॅडमनी केस पेपरच्या मागे पेनने उलटा पेरू काढला. म्हणाल्या ही पिशवी, आत हे अस्तर, बाहेर हा स्नायूचा थर. आजार अस्तरात सुरू होतो, मग स्नायूत उतरतो, मग तोंडाकडे, मग आजूबाजूच्या लसिका गाठींमध्ये, म्हणजे अंगात सगळ्यांच्याच असतात त्या बारीक गाठी, आणि उशीर झाला तर फुप्फुस-लिव्हरपर्यंत. मी विचारलं मग मध्ये रक्त थांबलं कसं. म्हणाल्या या आजारात रक्त कधी जातं कधी थांबतं, थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं. त्या माणसाला हे पक्कं माहीत असणार. आम्ही मात्र त्या थांबण्यालाच गुण आला म्हणत होतो.

शुगर खाली येईपर्यंत ऑपरेशन बारा दिवस पुढे गेलं. पिशवी, दोन्ही नळ्या, दोन्ही अंडाशयं आणि ओटीपोटातल्या लसिका गाठी काढल्या, त्यातल्या एका गाठीत आजार निघाला म्हणजे तिसरी स्टेज. मग दर तीन आठवड्यांनी एक अशा सहा केमो, नंतर बाहेरून रेडिएशन, ज्याला आपल्याकडे लाईट घेणं म्हणतात, आणि शेवटी आतून थोडं. आजार अस्तरापुरता आणि साधा असेल तर पुष्कळ बायकांचं नुसत्या ऑपरेशनवर भागतं, हे मला तिथे कळलं. मूल हवं असलेल्या तरुण मुलींना अगदी सुरुवातीचा आजार असेल तर काही वेळा हार्मोनच्या गोळ्यांवर नजरेखाली ठेवतात, आणि पुढे गेलेल्या आजारात ट्यूमरची तपासणी करून काहींना इम्युनोथेरपी, म्हणजे अंगातल्या प्रतिकारशक्तीलाच आजाराशी लढायला लावणारं औषध, देतात. म्हणजे उपाय भरपूर आहेत, पण कुठला ते ठरतं तुकड्याच्या रिपोर्टवर, आणि त्या वैद्याने चार महिन्यांत एकदाही तो रिपोर्ट मागितला नाही. त्या चार महिन्यांत आजार किती वाढला हे मी मॅडमना विचारलं, त्यांनी ते सांगता येत नाही म्हणून सांगितलं. मला रात्री तेच आठवत राहतं.

पैशाचं म्हणाल तर केशरी रेशन कार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बरंचसं बसलं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात, आधी त्यांना भेटा. आम्ही फुकट मिळणारं सोडून 74,000 देऊन आलो होतो.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, हे मला तक्रार करायला गेले तेव्हा कळलं. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज दिलाय, व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट जोडलेत. काही मेसेज त्याने डिलीट केले, नशिबाने मी शुगरच्या गोळ्या बंद करा वाला आधीच काढून ठेवला होता. तुमचं कुणी अशा ठिकाणी अडकलं असेल तर भांडायच्या आधी स्क्रीनशॉट काढा आणि डबी टाकू नका.

आईचे केस परत आलेत, पांढरे आणि कुरळे. दर तीन महिन्यांनी दाखवायला जातो. दोन डब्या अजून कपाटात आहेत, नमुना मागितला तर द्यायला. आई म्हणते फेक त्या, डोळ्यासमोर नकोत. मी कपाटाला कुलूप लावलंय.