मालवणातली सोमवारी बंद असणारी खानावळ, माझ्याकडून 4 स्टार

आधी जेवण. सुरमई थाळी 450, तुकडा चांगला जाड, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं एक नंबर, सोलकढी खरी आमसुलाची, पाकिटातली नाही. कोळंबी मसाला तेलकट होता आणि त्याचे 320 जरा जास्तच वाटले. तांदळाची भाकरी गरम मिळते पण एकेक करून येते, त्यामुळे घाईत असाल तर इथे येऊ नका.

आता ते एक स्टारवाले रिव्ह्यू. 'ऐन सीझनला सोमवारी बंद', 'साडेतीनला गेलो तर शटर खाली', 'वेटर बसून जेवत होते'. अहो मग काय उभ्याने जेवायचं त्यांनी? सोमवार स्टाफची सुट्टी आणि दुपारी साडेतीन ते सात सगळ्यांना आराम, मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "एक दिवस तेंका पण व्हयो मगे."

आणि हे कायद्याच्या धाकाने नाही हां. 2017 चा महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापना कायदा आला तेव्हा तो दहा किंवा जास्त माणसं असलेल्यांसाठी होता, तेव्हाचा नियम दिवसाला 9 तास, आठवड्याला 48, वर काम केलं तर डबल पगार. इथे माणसं आठच, म्हणजे पळवाट आयती होती. पण 2020 च्या लॉकडाऊनमध्ये यांची नेपाळची मुलं गावी गेली ती परत आलीच नाहीत, नंतर हॉटेलं उघडली तेव्हा किनाऱ्यावर जो तो वेटर शोधत होता, तेव्हा कुठे मालकीणबाईंना कळलं की माणूस टिकवायचा तर काहीतरी द्यावं लागेल. मला हे कारण उलट जास्त पटलं, दयेपोटी दिलेली सुट्टी मूड गेला की बंद होते.

आम्हाला वाढणारा दादा आधी मुंबईत एका मोठ्या हॉटेलात होता. लॉकडाऊन लागल्यावर तिथल्या मालकाने थोडी उचल दिली आणि मग फोन उचलणंच बंद केलं, हा चाकरमान्यांबरोबर गावी आला, शाळेत क्वारंटाइन झाला आणि इथेच राहिला. पगार मुंबईपेक्षा कमी आहे असं तो स्वतःच म्हणाला. पण पावसाळ्यात, म्हणजे मासेमारी बंद, किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद, गिऱ्हाईक शून्य, तेव्हाही अर्धा पगार चालू राहतो. कोकणात हे मी दुसरीकडे ऐकलेलं नाही, बाकीकडे जूनला 'गणपतीनंतर बघू' म्हणतात आणि विषय संपतो.

आमच्या बाजूच्या टेबलावर पुण्याचे दोघं लॅपटॉप उघडून मीटिंग करत होते. रील्समध्ये फ्युचर ऑफ वर्क म्हणून हेच दाखवतात, बीच आणि लॅपटॉप. त्यांना सोलकढी आणून देणाऱ्याचं वर्क फ्रॉम होम कुठून होणार? (नेट पण धड नव्हतं, त्यांचा व्हिडिओ सारखा अडकत होता.)

एक स्टार कापला तो कोळंबीसाठी नाही. दोन मावश्या मागच्या पडवीत चुलीवर भाकऱ्या करतात, त्यांना भाकरीमागे पैसे. त्यांना ना अर्धा पगार ना काही, सोमवारी सुट्टी म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. आठ माणसांत त्या मोजलेल्याच नाहीत! 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे लेबर कोड, म्हणजे केंद्राचे कामगार कायदे, आलेत, त्यात कामगाराला नेमणूक पत्र द्यायचं म्हटलंय, मी बिल देताना हे काढलं तर मालकीणबाई नुसत्या हसल्या. त्या गोड आहेत, पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते.

जाणाऱ्यांसाठी: साडेबाराच्या आत पोचा, दोनपर्यंत सुरमई संपते. गाडी लांब लावावी लागते, गल्ली अरुंद आहे. यूपीआय चालतं. टिप द्यायची तर काउंटरवरच्या डब्यात टाका, शनिवारी रात्री सगळ्यांत वाटतात, आणि मावश्यांचं वेगळं त्यांच्या हातात द्या कारण डब्यातलं त्यांच्यापर्यंत जात नाही.