मुंबईत बांधलेली सागवानी 'ट्रिंकोमाली': हार्टलपूलला जाऊन पाहावीच
इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या नौदल संग्रहालयात उभी असलेली ही फ्रिगेट (वेगवान शिडाची युद्धनौका) मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधली. जलावतरण १२ ऑक्टोबर १८१७. तरंगत्या ब्रिटिश युद्धनौकांत हीच सर्वांत जुनी. याचं मुख्य श्रेय मलबारी सागवानाला. ओक या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात आणि भोवतालचं लाकूड सैल पडतं. सागवानातलं तेल उलट खिळे जपतं. खाली उतरून हे लाकूड निरखून बघाच, तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात.

नेपोलियनची युद्धं संपल्यावर इंग्लंडला पोहोचल्याने ती १८४५ पर्यंत पोर्ट्समथला पडून होती. मग ३८ ऐवजी २६ तोफांची कॉर्व्हेट (फ्रिगेटपेक्षा खालच्या वर्गाची युद्धनौका) झाली आणि जहाजाची चौकोनी पिछाडी, म्हणजे मागचा भाग, गोलसर केली. त्यामुळे १८१७ ची मूळ पिछाडी शोधू नका. युद्धनौका म्हणून समुद्रावरच्या सेवा दोनच: १८४७-५० उत्तर अमेरिका-वेस्ट इंडीज, १८५२-५७ पॅसिफिक. १८९७ मध्ये भंगारातून वाचली, 'फूद्रोयां' नावाने १९८६ पर्यंत प्रशिक्षणनौका राहिली.

शिड्या उभ्या आहेत, खालच्या डेकवर तुळया डोक्याला लागतात. गुडघे दुखत असतील तर वरचा डेक आणि तोफांचा डेक आधी बघून घ्या.