कायक, वही आणि कर्लीची खाडी: फील्ड कोर्सनंतरचे काही महिने

देवबागचा निसर्गलेखन आणि कायकिंगचा कोर्स संपून काही महिने झाले. वल्हं तेव्हापासून हातात आलेलं नाही. भरती-ओहोटी बघून लिहायला बसायची सवय मात्र टिकली आहे, आणि माझ्या दृष्टीने कोर्सचं यश तेच.

जागेची निवड उत्तम. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. नवशिक्यांना खाडीच बरी. लाटा नाहीत, पण ओढ आहे. ओहोटी लागली की पाणी संगमाकडे खेचतं, आणि परतताना तिच्या उलट वल्हवायची वेळ आली तर दंड भरून येतात. म्हणून रोजचा दिवस पाण्याच्या वेळेनुसार आखायचा. भरती दररोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते हे आम्ही वर्गात शिकलो होतो. होडीवाल्या काकांचा हिशेब त्याहून सोपा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास. हा हिशेब मी आजही करते.

कायकचं खरं मोल कांदळवनात कळतं. इंजिनाचा आवाज नाही, नजर पाण्यापासून हातभर वर. चिपी या कांदळवनातल्या झाडाची श्वसनमुळं चिखलातून सरळ उभी दिसतात, आणि खोडांवर कालवं कुठवर चिकटली आहेत त्यावरून पाणी कुठवर चढतं ते वाचता येतं. कांदळाच्या बिया झाडावरच रुजतात. लांब, हिरव्या शेंगांसारखे ते कोंब अगदी डोक्यावर लोंबत असतात. पांढरी चिपी २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे. तिची फुलं रात्री उमलतात, त्यामुळे पहाटे गेलो की गळलेले पुंकेसर पाण्यावर तरंगताना दिसत.

लेखनाचा नियम कडक होता. प्रत्येक नोंदीच्या आधी तिथी, वेळ, वाऱ्याची दिशा, पाणी चढतंय की उतरतंय. ‘सुंदर’, ‘निळंशार’ हे शब्द पाण्यावर वर्ज्य. या नियमामुळे माझं लेखन खरोखर बदललं. बगळा ‘ध्यानस्थ’ न राहता पाय बदलताना, मान आखडताना दिसू लागला.

उणिवाही आहेत. लाइफ जॅकेट एकाच मापाची होती. बारीक मुलींना ती पाण्यात वर सरकत, हे धोक्याचं आहे. निबंधांवर शेरे नाहीत, फक्त गुण मिळाले, तेही उशिरा. आणि तिसऱ्या, म्हणजे चिखलातले शिंपले, काढणाऱ्या बायकांसोबत जेमतेम एक दुपार मिळाली. चिखलाचं त्यांच्याइतकं ज्ञान तिथे कोणालाच नाही. त्यांना रीतसर मानधन देऊन शिकवायला बोलवायला हवं, हे मी अभिप्रायात लिहिलं आहे आणि पुन्हा लिहीन.

फीपेक्षा जॅकेटच्या मापांची चौकशी आधी करा. पेन नको, दोरीने बांधलेली पेन्सिल न्या. आणि कायक दोघांची मागा: एकाने वल्हवायचं, दुसऱ्याने लिहायचं, अर्ध्या वाटेत अदलाबदल.