लग्नाचा मांडव की चादरीची घडी? सोलापुरात फोटोग्राफी सुरू करताना

कॅमेरा कोणता घेऊ, हा नवख्याचा पहिला प्रश्न असतो. त्याआधी एक प्रश्न सोडवून टाकलेला बरा: पैसे देणारं गिऱ्हाईक कोण? सोलापुरात त्याची दोन ठळक उत्तरं आहेत. एक लग्नवाले. दुसरे मालवाले, म्हणजे चादर, टॉवेल, नॅपकिन, शेंगाचटणी, कडक भाकरी विकणारे. पहिली वाट सगळ्यांना दिसते, म्हणून तिथे गर्दी आहे. दुसरी यंत्रमागाच्या आवाजात कुणाला फारशी ऐकू येत नाही.

आमचं मत आधीच सांगतो: हातात थोडे पैसे आणि शून्य अनुभव असेल तर मालापासून सुरुवात करावी. मात्र लग्नाची वाट काही जणांना जास्त मानवते. ते कोण, तेही पुढे येईल.

मांडवातला उजेड आणि साधी लेन्स

नवशिक्याकडे बहुतेक वेळा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फोटो टिपणारी चिप आकाराने लहान असलेला, डीएसएलआर कॅमेरा आणि त्याबरोबर आलेली १८-५५ एमएमची झूम लेन्स असते. ही लेन्स ५५वर नेली की उजेड आत घेणारं छिद्र एफ ५.६पेक्षा मोठं उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). कार्यालयातल्या संध्याकाळच्या उजेडात माणसं हलत असतात, म्हणून शटर किमान १/१६० ते १/२०० सेकंद इतकं जलद हवं. मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ६४००पर्यंत चढतो आणि नवरीच्या चेहऱ्यावर दाणे येतात. एफ १.८ची ५० एमएम लेन्स लावली तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो आणि तेच काम आयएसओ ६४०च्या आसपास होतं. ही लेन्स इतर लेन्सच्या मानाने स्वस्त आहे. पण क्रॉप सेन्सरवर ती ७५-८० एमएमसारखी वागते, त्यामुळे लहान हॉलमध्ये पाठ भिंतीला टेकते आणि तरी अख्खं कुटुंब चौकटीत मावत नाही. म्हणजे दोन लेन्स आल्या, वर फ्लॅश आला. फ्लॅश छतावरून उसळवायचा म्हटलं तर मांडवाचं कापड गुलाबी नाहीतर पिवळं, आणि तोच रंग सगळ्यांच्या गालावर उतरतो.

एलईडीचं दुखणं वेगळंच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सायलेंट शटर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) वापरलं तर फोटोवर आडवे पट्टे येतात. शटर १/५००वर नेलं तर एक फोटो पिवळा, पुढचा निळसर. मेकॅनिकल शटर (खरोखर उघडझाप करणारं) आणि १/१०० हा यावरचा सर्वांत सोपा उतारा. पण १/१००ला अक्षता टाकणारे हात पुसट होतात, आणि ते चालवून घ्यावं लागतं. स्टेजमागच्या मोठ्या एलईडी पडद्याला हाही उतारा नेहमी लागू पडत नाही.

आणि अक्षता पुन्हा पडत नाहीत. स्वस्त कॅमेऱ्यात कार्डाला एकच खाच असते. ते कार्ड गेलं की लग्न गेलं. एकाच मोठ्या कार्डावर अख्खा दिवस ठेवण्यापेक्षा दोन-तीन लहान कार्डं वापरावीत, आणि फोटो दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय एकही कार्ड फॉरमॅट करू नये.

चादर मात्र हलत नाही. ट्रायपॉड, आयएसओ १००, छिद्र एफ ८, दोन सेकंदांचा टायमर: याच कामात १८-५५ लेन्स सर्वांत धारदार असते. मांडवात जी सामग्री तोकडी पडते तीच इथे पुरून उरते. मालापासून सुरुवात करा असं म्हणण्याचं मुख्य कारण हेच.

चादर टांगायची कशी

एकेरी चादर साधारण ६० बाय ९० इंच. योगायोग असा की हे प्रमाण बरोबर २:३, म्हणजे डीएसएलआरच्या सेन्सरचंच. ३५ एमएमवर ती चौकटीत पूर्ण भरायला सुमारे ३.६ मीटर अंतर लागतं. कडेला थोडी मोकळी जागा हवी म्हणून ४ मीटर धरा. घराचं छत जेमतेम ३ मीटर, त्यामुळे जमिनीवर अंथरून वरून फोटो काढायचा बेत बहुतेक घरांत फसतो. १८ एमएमवर काढला तर चादरीच्या सरळ कडा बाहेर फुगतात आणि नक्षीची चौकट वाकडी दिसते. विणकराच्या डोळ्याला ते लगेच खुपतं.

त्यापेक्षा टांगा. आडव्या नळीवर दर ९-१० इंचांवर चिमटे लावा, खालच्या काठाला दुसऱ्या नळीचं वजन द्या. आदल्या दिवशी इस्त्री करून गुंडाळून ठेवा; घडी घातली तर मोडलेली रेघ फोटोत हमखास येते. टांगल्यावर चिकटपट्टीचा रोलर फिरवून सुटे धागे काढा. त्यासाठी दोन मिनिटं पुरतात. तेच धागे संगणकावर पुसायला वीस मिनिटं जातात.

कॅमेरा चादरीच्या बरोबर मध्यावर आणि तिला समांतर हवा, नाहीतर वरची बाजू अरुंद होते. समांतर आहे का हे बघायला चादरीच्या मध्यभागी एक लहान आरसा सपाट धरा. आरशात तुमच्याच लेन्सचं तोंड चौकटीच्या मध्यात दिसलं की जमलं.

उजेडासाठी सर्वांत स्वस्त जागा म्हणजे सकाळची गच्चीवरची सावली. खिडकीजवळ टांगली तर ९० इंचांच्या रुंदीत पलीकडचा काठ काळवंडतो. तिकडे थर्मोकोलचा पांढरा पत्रा उभा केला तरी फरक पूर्ण भरून निघत नाही. ‘उत्तरेची खिडकी’ हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो, पण सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. शून्य सावलीचा दिवस इथे १२ मेच्या आसपास येतो, आणि तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. या काळात उत्तरेच्या खिडकीतूनही थेट ऊन येऊ शकतं. पांढरा पातळ पडदा लावा, निभतं.

टॉवेलचं गणित उलटं. चादरीची नक्षी सपाट, म्हणून तिला दोन्ही बाजूंनी ४५ अंशातून सारखा उजेड द्यायचा. टॉवेलचे फासे, म्हणजे धाग्यांचे वेटोळे, उभे असतात. समोरून उजेड पडला की ते मेल्यासारखे दिसतात. एकाच बाजूने, कापडाला जवळजवळ घासत जाणारा, १५-२० अंशातला उजेड दिला की लव उठून येते. पांढरा टॉवेल कॅमेरा हटकून राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ ते +१.५ वाढवा. काळ्या चादरीला तेवढंच कमी.

दाट विणीवर कधी कधी इंद्रधनुष्यी लाटा उठतात. सेन्सरची जाळी आणि कापडाची जाळी एकमेकांवर चढल्याचा तो परिणाम. कॅमेरा हातभर पुढेमागे करा किंवा छिद्र एफ १३-१६पर्यंत आवळा. फोटो शंभर टक्के मोठा करून बघितल्याशिवाय चादर उतरवू नका.

लाल रंग

सोलापुरी चादरीत लाल, मरून, भगवा सढळ हाताने असतो, आणि नवख्याचे सगळ्यात जास्त फोटो याच रंगांत नापास होतात. कारणं तीन. खिडकीचा उजेड चालू असताना ट्यूबही चालू ठेवलेली असते. ती बंद करा. स्वस्त एलईडीचा सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो याचा १००पैकी आकडा) ८०च्या घरात असतो आणि गडद लाल दाखवण्यात तो विशेष कमजोर, म्हणून मरून चादर विटकरी दिसते; ९५च्या वरचा दिवा घ्या. तिसरं, लाल चॅनल (फोटोतली लाल रंगाची नोंद) आधीच भरून वाहतो आणि नक्षीतले बारकावे सपाट होतात. कॅमेऱ्यातला साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, हे लपवतो, तेव्हा लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि लालची टोकं उजव्या भिंतीला टेकायच्या आत थांबा.

उजेड बदलला की दर वेळी ग्रे कार्डाचा (ठरावीक राखाडी रंगाच्या कार्डाचा) एक फोटो काढा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, मग घरी संगणकावर त्या कार्डावर पांढऱ्या तोलाचं (व्हाइट बॅलन्सचं) ड्रॉपर टेकवा. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत काढा; अ‍ॅडोबी आरजीबीत काढलेली फाइल काही अ‍ॅपमध्ये मळकट दिसते.

फोनने हे काम होईल का? घडी घातलेल्या चादरीपुरतं, शेंगाचटणीच्या पाकिटापुरतं, हो. पण फोन लाल कापड भरून दिसलं की रंगाचा तोल स्वतःच्या मनाने हलवतो, त्यामुळे एकाच चादरीचे दोन फोटो दोन रंगांचे निघतात. प्रो मोडमध्ये तोल आणि आयएसओ कुलूपबंद करा. ऑनलाइन मागवलेली चादर वेगळ्या रंगाची निघाली म्हणून परत आली, तर कारखानदार पुढच्या वेळी तुम्हाला फोन करणार नाही.

जुना कॅमेरा घेताना

लग्नाच्या स्टुडिओतून निघालेला कॅमेरा स्वस्त मिळतो, कारण त्याचं शटर भरपूर चाललेलं असतं. शटर किती वेळा चाललं हा आकडा निकॉनमध्ये जेपीईजी फोटोच्या माहितीतच मिळतो; कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तो तिथे नसतो, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. एफ १६वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, आणि आपल्या कोरड्या हवेत ती असणारच. पुसून जाते. लेन्सच्या आत बुरशीचं जाळं दिसलं तर मात्र हात जोडून परत द्या. निकॉनच्या डी ३५०० किंवा डी ५६००च्या अंगात फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर आपोआप फोकस करत नाहीत. मालाच्या कामात हाताने फोकस करता येतो. मांडवात ते जमणं कठीण.

शिकायचं कुठे

लग्नाचं काम एकट्याने शिकता येत नाही. एखाद्या स्टुडिओत एक हंगाम मदतनीस म्हणून राहणं हाच रस्ता. तुळशीच्या लग्नानंतर काम सुरू होतं, मेपर्यंत धावपळ असते, चातुर्मासात शांतता. तिथे माणसं हाताळायला शिकता येतं: हळदीत कुठे उभं राहायचं, सप्तपदीत भटजींना न अडवता कसं फिरायचं, रुसलेल्या काकांना फोटोत कसं आणायचं. तेलुगू आणि कन्नड घरांतले विधी आणि त्यांचा क्रमही वेगळा. सोलापुरात तो माहीत नसला तर मोक्याचा क्षण पाठीमागे घडून जातो.

माल घरीच शिकता येतो. एकच टॉवेल आठ दिवस, रोज वेगळ्या कोनातल्या उजेडात काढा आणि आठही फोटो शेजारी ठेवा. कंटाळवाणं आहे, पण उजेड असाच कळतो.

दोन्ही वाटांना पुरणारा सराव जानेवारीत मिळतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेत नंदीध्वजांची (मानाच्या उंच काठ्यांची) मिरवणूक निघते, भक्तांच्या अंगावर पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा) असते आणि वर कडक ऊन. पांढऱ्या कपड्यांची इतकी गर्दी कॅमेऱ्याला फसवते. त्वचा काळी पडू न देता पांढऱ्यातली घडी टिकवणं हीच परीक्षा. टॉवेलला ते जमलं असेल तर इथेही जमेल. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर प्रतिबिंबांचा सराव सगळेच करतात. करा, पण पोर्टफोलिओत तो फोटो एकच ठेवा. भुईकोट किल्ल्यात ट्रायपॉड उघडण्याआधी परवानगीचं विचारून घ्या. ते संरक्षित स्मारक आहे.

ऑनलाइन कुठे दिसायचं

लग्नवाल्यांसाठी इन्स्टाग्राम, यात वाद नाही. उभा फोटो १०८० बाय १३५०, रील १०८० बाय १९२०. पाहणारी मुलगी पहिले नऊ फोटो बघून ठरवते, म्हणून तिथे नऊ वेगळी लग्नं असण्यापेक्षा एकाच लग्नाचे पहाटेपासून पाठवणीपर्यंतचे नऊ चांगले फोटो जास्त विश्वास देतात. बिझनेस अकाउंट केलं की बरीच लोकप्रिय गाणी रीलला लावता येत नाहीत. हे आधी माहीत असावं.

कारखानदार मात्र इन्स्टाग्रामवर फोटोग्राफर शोधायची शक्यता कमी. तो गुगलवर शोधतो किंवा कुणाचा तरी नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर मागतो. त्याच्यासाठी गुगल बिझनेस प्रोफाइल, फुकट. घरून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त सेवेचा भाग दाखवता येतो. नावाच्या जागी खरं नाव लिहा. ‘सोलापूर बेस्ट प्रॉडक्ट फोटोग्राफर’ असलं काही घुसवलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. पडताळणीसाठी बऱ्याचदा न तोडलेला व्हिडिओ मागतात: रस्ता, दार, आतली सामग्री. तो आधी एकदा रंगीत तालीम करून काढावा. सोबत दहा पानांची पीडीएफ, ५ एमबीच्या आत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

अ‍ॅमेझॉनवर जाणाऱ्या मुख्य फोटोला शुभ्र पार्श्वभूमी आणि चौकटीचा ८५ टक्के भाग वस्तूने भरलेला लागतो; झूम चालायला लांब बाजू किमान १००० पिक्सेल हवी, नीट व्हावा म्हणून १६०० ठेवा. त्यावर तुमचा वॉटरमार्क चालत नाही. तो मोह पीडीएफमध्ये भागवा. आणि ओळ लिहिताना जपा: ‘सोलापुरी चादर’ला भौगोलिक मानांकन आहे, दुसरीकडून आलेल्या मालाखाली ते नाव टाकू नका.

फोटो कुणाचा?

१९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे तुम्ही काढलेलं लग्न तुमच्या पानावर टाकायलाही परवानगी लागते. बुकिंगच्या कागदावरच ‘निवडक फोटो प्रसिद्धीसाठी वापरता येतील’ अशी ओळ घाला आणि सही घ्या. स्टुडिओत मदतनीस असाल तर मालकाला आधी विचारा. मालाच्या कामात आणखी एक गोष्ट: नवं डिझाइन बाजारात येण्याआधी तुमच्या पानावर दिसलं, तर कारखानदाराचं नुकसान आणि तुमचं काम बंद. प्रसिद्धीची तारीख लिहून घ्या.

कुणी काय निवडावं

रात्री बारापर्यंत उभं राहायची तयारी आहे, अनोळखी माणसांत चटकन मिसळता येतं आणि एखादा स्टुडिओ हाताखाली घ्यायला तयार आहे, अशांनी लग्नाकडे जावं. तिथे पैसा मोठा आणि ओळखीतून काम वाढतं. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून शिकणाऱ्यांनी माल घ्यावा. दर ठरवताना तास मोजा: २० डिझाइन, प्रत्येकी ४ फोटो म्हणजे ८० फोटो, टांगणं, इस्त्री, रोलर धरून एका डिझाइनला १५ मिनिटं, म्हणजे ५ तास, आणि संगणकावर साधारण तेवढेच. दर फोटोमागे न सांगता डिझाइनमागे सांगा, कारण ‘अजून एक काढा ना’ हे वाक्य प्रत्येक चादरीला येतं.