ई-पुस्तकांसोबत नोंदीही आल्या!

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाचनालयात मी कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर पुस्तकांच्या नोंदी करते. यंदा एका प्रकाशकाकडून ई-पुस्तकांचा संच घेतला, तर सोबत मार्क २१ या ग्रंथालयांच्या ठरलेल्या साच्यातल्या नोंदींची तयार फाइल! ८५६ क्रमांकाच्या रकान्यात दुवा अगदी जागेवर, पुस्तक थेट उघडतं. एरवी एकेक नोंद हाताने भरायची, तीही पावसाळ्यात वीज असेल तेव्हा.

खटकलं ते आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचं. ई-पब, पीडीएफ, सगळ्यांना छापील प्रतीचाच क्रमांक. वेगळ्या विकल्या जाणाऱ्या प्रत्येक स्वरूपाला वेगळा आयएसबीएन हवा. इथे क्रमांक एकच, म्हणून नवी नोंद जुनीवर बसली आणि कपाटातला मालवणी कवितासंग्रह ई-पुस्तक म्हणून दिसू लागला. वाचक हिरमुसून परत गेले, मला फार वाईट वाटलं.

फोन केल्यावर प्रकाशकाने मुकाट्याने सुधारित फाइल पाठवली; छापील आणि ई-आवृत्ती ७७६ या रकान्याने एकमेकींना जोडलेली. पुढचा संचही यांच्याकडूनच घेईन.